आरशाला कमी कळलेलंच बरं

घरच्या घरी स्मार्ट आरसा करायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "अरे, वेळ, हवामान, मीटिंगा, सगळं फोनमध्ये आहेच की! मग भिंतीवर आणखी एक स्क्रीन कशाला?" प्रश्न अगदी रास्त आहे. आणि आमच्यासारखे हौशी लोक त्याचं उत्तर हमखास "सोय होते" असं देतात. सोय-बिय काही होत नाही हो. दोन वीकेंड घालवून जे दिसतं ते फोनवर दोन सेकंदांत दिसतं.

माझं कारण वेगळं आहे. आठवड्याचे पाच दिवस आपण दुसऱ्याच्या सर्व्हरसाठी कोड लिहितो. घरी येऊन ज्या टीव्ही, स्पीकर, कॅमेऱ्यांसमोर बसतो, त्यांच्या आत काय चाललंय यावर आपला काडीचाही ताबा नसतो. आणि आपण म्हणे इंजिनियर! घरात निदान एक वस्तू तरी अशी असावी की तिने काय करायचं आणि काय करायचं नाही, हे आपण ठरवलेलं असेल. आरसा त्यासाठी फार योग्य आहे, कारण रोज सकाळी विस्कटलेल्या केसांनिशी आपण त्याच्यासमोरच उभे असतो.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही काच अर्धवट आरसा असते, थोडा प्रकाश परत फेकते आणि थोडा आरपार सोडते. तिच्यामागे स्क्रीन लावायचा आणि स्क्रीनवर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं. काळ्या भागातून प्रकाश येत नाही, तिथे तुम्ही दिसता. पांढऱ्या भागातून येतो, तिथे अक्षरं दिसतात. झाली जादू. स्क्रीन चालवायला रास्पबेरी पाय. (घरात "माझा पाय कुठे ठेवलास?" असं ओरडून बघा, काय उत्तरं येतात ते!) हा छोटा कॉम्प्युटर 29 फेब्रुवारी 2012 ला 35 डॉलरला बाजारात आला. 2014 मध्ये मायकेल टीव या डच माणसाने त्यावर आरसा केला आणि त्याचं सॉफ्टवेअर 'मॅजिकमिरर' या नावाने सगळ्यांसाठी खुलं केलं. गंमत म्हणजे त्याला ही कल्पना सुचली न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानात, आरशामागे उजळणारी पाटी बघून. दुकानातली युक्ती त्याने घरात आणली आणि तिथे काय दिसेल ते स्वतः ठरवलं. माझा सगळा मुद्दा या एका गोष्टीत आहे.

"मग तयारच घ्यावा की," असं कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी एक गोष्ट. अमेरिकेत 'मिरर' नावाचा व्यायाम शिकवणारा आरसा निघाला होता, किंमत सुमारे दीड हजार डॉलर. 2020 मध्ये लुलुलेमन या कपड्यांच्या कंपनीने ती कंपनी तब्बल 50 कोटी डॉलरला घेतली. 2023 मध्ये त्यांनी आरसा विकणं बंद करायचं ठरवलं. काच भिंतीवर राहते, पण तिचं पुढे काय करायचं हे कुठल्यातरी बोर्ड मीटिंगमध्ये ठरतं.

घरी केलेल्या आरशालाही हे चुकत नाही, हे कबूल. अनेकांचे आरसे हवामान घ्यायचे 'डार्क स्काय'कडून. 2020 मध्ये ॲपलने ती कंपनी घेतली आणि 31 मार्च 2023 ला ही सेवा बंद केली. पण इथे फरक बघा. मॅजिकमिररमध्ये कॉन्फिगच्या फाइलमधलं नाव बदलून 'ओपन-मेटिओ' लिहायचं, अक्षांश 20.0, रेखांश 73.8 द्यायचे, की नाशिकचं हवामान पुन्हा हजर. पंधरा मिनिटांचं काम. वस्तू आपली असणं म्हणजे ती कधीच बिघडणार नाही असं नव्हे. बिघडली की उघडायचा हक्क आपल्याकडे असतो.

आता दाखवायचं काय? इथे सगळे वाहवत जातात. मॉड्यूल्सचा ढीग आहे: शेअर बाजार, बातम्या, क्रिकेट, सुविचार... सगळं लावलं की आरशात तोंड दिसायला जागा उरत नाही. या बाबतीत आपले गुरू रामकुंडापाशी उभे आहेत, दुतोंड्या मारुती! गोदावरीला पूर आला की पाणी कमरेपर्यंत आलं की छातीपर्यंत, एवढंच नाशिककर विचारतो. एका नजरेत कळतं, लॉगिन लागत नाही आणि आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना समजतं. चांगला डिस्प्ले असा असतो. आपल्या आरशातही तीन-चार गोष्टी पुरेत: वेळ, तारीख, आज छत्री लागेल का, आणि आजचं एखादं काम. ऑफिसचं ईमेल तिथे आणू नका. दात घासताना मॅनेजर दिसायची काही गरज नाही.

आणि एक गोष्ट मी ठामपणे सांगेन: आरशाला कॅमेरा आणि माइक लावू नका. चेहरा ओळखून "सुप्रभात" म्हणणारी मॉड्यूल्स मिळतात, डेमोला झकास वाटतात. पण आरसा ही घरातली सगळ्यात भोळी वस्तू. तिच्यासमोर माणूस पदर सावरतो, पुटकुळी बघतो, कधी नुसताच रडतो. आपण म्हणू, डेटा तर माझ्याच घरात राहतोय. बरोबर. पण घरात रोज कामाला येणाऱ्या मावशींना कोणी विचारलं? मुक्कामाला आलेल्या आत्याला? आपला 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा एखाद्या व्यक्तीने खाजगी किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला लागूच होत नाही. म्हणजे मावशींच्या बाजूने बोलायला तो कायदा येणार नाही. ते काम तुमचं. जे काम ऑफिसात कंप्लायन्सवाले करतात, ते घरी तुमच्या सद्सद्विवेकाला करावं लागतं. सोपा उपाय म्हणजे कॅमेरा विकतच घ्यायचा नाही.

"पण नाशिकमध्ये यातलं काही मिळत नाही, त्यासाठी पुणं-मुंबईच हवं," हे दुसरं पालुपद. इलेक्ट्रॉनिक्स कुरियरने घरी येतं, त्यात गावाचा संबंध नाही. अवघड काम आहे ते काचेचं आणि लाकडाचं, आणि त्याला नाशिक काय वाईट आहे? ज्या गावात तांबट लेन आहे, सातपूर-अंबडच्या वसाहती आहेत, ओझरला विमानं बनतात, तिथे एक चौकट होणार नाही? काचवाल्याकडे बसलात तर तो तुम्हाला सांगेल की ॲक्रिलिक मोठ्या मापात वाकतं आणि तोंड जत्रेतल्या आरशासारखं दिसतं. फिल्म चिकटवली तर बुडबुडे येतात. सुतार विचारेल, "साहेब, गरम हवा जाणार कुठून?" एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात बंद पेटीत स्क्रीन आणि पाय दोन्ही तापतात, तेव्हा हा प्रश्न कुठल्याही कोड रिव्ह्यूपेक्षा मोलाचा असतो. वर-खाली भोकं ठेवायची, इतकंच.

शिवाय या जिल्ह्याला घरी बसून यंत्रांशी खेळण्याची परंपरा आहे. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. 1912 मध्ये ते लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा घेऊन आले, आणि कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीची एकेक फ्रेम टिपत बसले. 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' दाखवल्यावर बिऱ्हाड नाशिकला हलवलं. कॅमेरा त्यांनी बनवला नव्हता, विकत आणला. पण फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं ही कामं घरात चालत आणि सरस्वतीबाई त्यात बरोबरीने असत. आपणही प्रोसेसर बनवायला जाऊ नये. कुठला भाग विकत घ्यायचा आणि कुठला आपल्या हातात ठेवायचा, हे ठरवण्यातच सगळी इंजिनियरिंग आहे.

असो. करायचाच असेल तर जुन्या लॅपटॉपचा पॅनल वापरा, मागच्या स्टिकरवरचा नंबर बघून त्याला चालणारं कंट्रोलर बोर्ड मागवा. खिडकीसमोरची भिंत टाळा, उजेडात अक्षरं फिकी पडतात. आपल्याकडे लाइट न सांगता जाते आणि मेमरी कार्ड खराब होतं, म्हणून सगळं नीट चालू लागलं की सेटिंगमधून ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करून टाका, म्हणजे कार्डावर काही लिहिलं जाणार नाही. देवनागरी फॉन्ट इन्स्टॉल करा, नाहीतर नुसते चौकोन दिसतील. आणि भाषा मराठी ठेवून बघा. मोमेंट नावाच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत मराठी आधीपासून आहे, ती ए.एम.-पी.एम. म्हणत नाही, पहाटे, सकाळी, दुपारी, सायंकाळी आणि रात्री असे दिवसाचे पाच भाग करते. कुणीतरी बसून ते लिहिलं म्हणून ते आहे. मॅजिकमिररमधले बाकीचे चार शब्दही एका छोट्या फाइलमध्ये असतात, ते मराठीत टाकायला एक रविवार दुपार पुरते. बघा जमतंय का.