सुबोध म्हणजे सवंग नव्हे

चळवळीच्या अभ्यासवर्गात कादंबरीला स्थान मिळालेच, तर ते शेवटच्या तासाचे. त्यातही स्त्रीने लिहिलेली, सहज वाचून होणारी कादंबरी म्हटली की ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या चेहऱ्यावर सौम्य उपेक्षा उमटते. ‘सुबोध’ आणि ‘सवंग’ हे शब्द पुरोगामी वर्तुळात जणू समानार्थी होऊन बसले आहेत. वाचताना कपाळाला आठ्या पडल्या नाहीत तर त्या ग्रंथात विचार नसणार, ही समजूत मुळात फुरसतीच्या वर्गाची आहे.

ज्याच्यापाशी सलग चार तास आहेत त्याने दुर्बोधतेचे कौतुक खुशाल करावे. अंगणवाडी सेविका, परिचारिका किंवा कचेरीतून परतून स्वयंपाकाला लागणारी स्त्री यांच्या वाट्याला येतो तो अर्धा तास, आणि तोही तुकड्या-तुकड्यांनी. श्रमाच्या तासांचा हिशेब मांडणाऱ्यांनी वाचनाच्या तासांचा हिशेब मात्र कधी मांडला नाही. तेव्हा ‘आजच्या लेखिकांची, हातातून सुटणार नाही अशी कादंबरी सुचवा’ ही कार्यकर्तीची मागणी करमणुकीची म्हणून बाजूला सारता येत नाही.

कविता महाजन यांची ‘ब्र’ (२००५) घ्यावी. १९९३ मध्ये अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतीतील एकतृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या. त्यावर अहवाल पुष्कळ झाले. अहवालात टक्केवारी असते. पदावर बाई आणि कारभार दुसऱ्याच्या हाती, या व्यवहारात त्या बाईच्या मनाचे आणि घराचे काय होते ते नसते. संसारातून बाहेर पडलेली प्रफुल्ला स्वयंसेवी संस्थेच्या कामासाठी आदिवासी भागात हिंडते, महिला सरपंचांना भेटते, आणि ज्यांनी आजवर ब्र काढला नव्हता त्या बोलू लागतात. स्वयंसेवी संस्थांची दांभिकताही लेखिका झाकत नाही. पुस्तक चांगले जाडजूड आहे. तरी पाने भराभर उलटतात, कारण भाषा बोलणाऱ्या माणसांची आहे. त्यांची पुढची ‘भिन्न’ (२००७) एड्ससारख्या विषयाला भिडते. तिच्यात माहितीचा भार अधिक झाला आहे, एवढे म्हणावे लागेल.

शांता गोखले यांची ‘रीटा वेलिणकर’ आकाराने लहान, आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही लावावी अशी. कोवळ्या वयापासून आईवडील आणि बहिणींचा संसार पगारावर ओढणारी मुलगी एक दिवस मनाने कोसळते व रुग्णालयात पोचते. कुटुंब हे शोषणाचेही स्थळ असते, हे प्रमेय येथे एकही पारिभाषिक शब्द न वापरता सिद्ध होते. पुढे लेखिकेने स्वतःच ती इंग्रजीत नेली.

गौरी देशपांडे यांच्याविषयी चळवळीत नेहमीची तक्रार आहे : त्यांच्या नायिका सुखवस्तू, परदेशी हिंडणाऱ्या. तक्रार रास्त आहे, पण अपुरी. ‘एकेक पान गळावया’ (१९८०) या पुस्तकात तीन लघुकादंबऱ्या आहेत. अन्नवस्त्राची चिंता मिटल्यावरही स्त्रीचे आयुष्य तिच्या मालकीचे होते का, हा त्यांतील प्रश्न समाजवाद्यांनी टाळण्याजोगा खासच नाही. शिवाय प्रत्येक कथा दोन-तीन रात्रींत संपते. थकलेल्या वाचकाला हे सुख थोडके नव्हे.

मग ही पुस्तके हाती का पडत नाहीत? किंमत हे एक कारण. निम्न उत्पन्नाच्या घरात पुस्तकाची खरेदी किराण्याच्या यादीशी झगडते आणि बहुधा हरते. म्हणूनच सार्वजनिक वाचनालयाचे महत्त्व. महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने अनुदानाची व्यवस्था केली. परंतु निवड कोण करतो? ज्या विक्रेत्याची सूट अधिक त्याची पुस्तके अधिक, असा व्यवहार पुष्कळ ठिकाणी चालतो. पाककृती आणि व्रतकथा यांपलीकडे स्त्री-वाचकांची गरज जात नाही, असे समितीतील पुरुष गृहीत धरतात. वाचनालय संध्याकाळी उघडे, आणि ती वेळ नेमकी चुलीपाशी असण्याची. याचा विचार तर दूरच.

अशा अनेक समित्यांवर चळवळीतील मंडळी वर्षानुवर्षे बसलेली आहेत. खरेदीच्या यादीवर त्यांचीच सही असते. पुढची यादी सही होण्यापूर्वी सभासद स्त्रियांपुढे ठेवायला कोणत्याही ठरावाची किंवा वाढीव अनुदानाची आवश्यकता नाही.