अंध म्हाताऱ्याला कानाचं मशीन : तीन हजारांत भागतं का?

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत गरजू ज्येष्ठांना ३,००० रुपये एकदाच मिळतात. चष्मा घ्या, काठी घ्या नाहीतर कानाचं मशीन. पण माणूस अंध असला की हे गणित कोलमडतं. गाडी डावीकडून येतेय की उजवीकडून, हे त्याला दोन्ही कानांवरूनच कळतं. म्हणजे दोन्ही कान अधू असतील तर मशीनंही दोन लागतात.

केंद्राच्या एडिप योजनेतून मशीन मिळतं, पण ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. जुन्या प्रमाणपत्रावर फक्त अंधत्व असेल, तर जिल्हा रुग्णालयात कान तपासून तेही नोंदवून घ्या. विकत घेणार असाल तर कानामागचं, चार्जिंगचं बघा. बारीक सेल चाचपून बसवणं अवघड जातं. सरकारनंही अंधांसाठी रक्कम वेगळी ठरवावी.