मिठाची पिशवी हातात ठेवून जबाबदारी झटकू नका

आमच्या भागातल्या एका जिममध्ये काउंटरवर, प्रोटीनच्या डब्यांना लागून, एप्सम सॉल्टच्या पिशव्या रचून ठेवलेल्या असतात. नवीन आलेल्या पोराकडून पहिल्याच दिवशी दमछाक होईपर्यंत स्क्वॉट्स आणि लंजेस काढून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी त्याला जिना उतरताना कठडा धरावा लागतो, कमोडवर बसताना डोळ्यांत पाणी येतं. मग त्याच्या हातात पिशवी ठेवायची आणि सांगायचं, "गरम पाण्यात टाकून बस. मॅग्नेशियम आत जातं, लॅक्टिक ॲसिड बाहेर पडतं." एका दमात दोन खोट्या गोष्टी! आणि त्या सांगणारा स्वतःला प्रशिक्षक म्हणवतो, याची मला चीड येते.

व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात रक्तातलं लॅक्टेट पूर्वपदावर येतं. अंग मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त ठणकतं. तोवर जे शिल्लकच राहिलेलं नाही, ते बाहेर काय पडणार? हे दुखणं स्नायूच्या आत झालेल्या बारीक मोडतोडीचं असावं, असं थिओडोर हफ या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९०२ सालीच मांडलं होतं. सातारा हिल मॅरेथॉन धावलेल्या कुणालाही विचारा. यवतेश्वरचा घाट चढताना धाप लागते, पण दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या उतारामुळे. उतरताना मांडीचा स्नायू आवळलेला असतानाच ताणला जातो आणि तिथे त्याचे तंतू दुखावतात. ते भरून यायला दिवस लागतात, आणि तेवढे दिवस शरीराला द्यावेच लागतात.

आता मॅग्नेशियमचं. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येऊ लागले, तर हेच औषध आईचा जीव वाचवतं. ते शिरेतून किंवा स्नायूत सुईनं देतात. कातडीतून ते पुरेसं आत जात असतं, तर प्रसूतिकक्षात सुई कशाला लागली असती? बर्मिंगहॅमच्या ज्या प्रयोगाचा दाखला विक्रेते देतात, त्यात १९ माणसं होती, आणि त्याला प्रसिद्धी दिली ती मिठाच्याच व्यापारी संघटनेनं. २०१७ साली उपलब्ध संशोधनाचा आढावा घेणाऱ्यांनी कातडीवाटे मॅग्नेशियम देण्याची शिफारस करता येत नाही, असं स्पष्ट लिहिलं.

विदर्भ-मराठवाड्यातला शेतकरी हेच मॅग्नेशियम सल्फेट कृषी सेवा केंद्रातून आणतो आणि कपाशीवर लाल्या दिसला की फवारतो. तिथे ते लागू पडतं, कारण पान ते शोषून घेतं आणि पानात अनेकदा त्याची कमतरता असते. आपल्या कातडीचं कामच मुळी बाहेरचं बाहेर ठेवण्याचं. पण तोच पदार्थ लॅव्हेंडरचा वास लावून, छोट्या पिशवीत भरून, कितीतरी पट भावानं शहरातल्या थकलेल्या माणसाच्या गळ्यात मारला जातो. मॅग्नेशियम हवं असेल तर बाजरीची भाकरी, शेंगदाणे, तीळ आणि पालक खा. ते पोटातून व्यवस्थित अंगी लागतं.

कोमट पाण्यात बसून बरं वाटतं, हे मी अजिबात नाकारत नाही. उष्णतेनं आखडलेलं अंग सैलावतं, झोपही चांगली लागते. मीही कठीण व्यायामानंतर गरम पाण्यानंच आंघोळ करते. पण हे श्रेय पाण्याचं आहे, ते मिठाच्या नावावर खपवायचं नाही. आणि पाणीसुद्धा सगळ्यांसाठी निर्धोक नाही. जोरदार व्यायामानंतर लगेच कढत पाण्यात बसलं तर रक्तदाब उतरून उठताना भोवळ येऊ शकते. मधुमेहामुळे ज्यांच्या पावलांची संवेदना गेली आहे, त्यांना पाणी किती तापलंय हे कळतच नाही. पाय भाजतात, फोड येतात, जखम चिघळते. पिशवी विकणारा हे विचारतो का? मी तरी कुणाला विचारताना पाहिलेलं नाही.

माझा खरा राग मात्र याहून मोठ्या गोष्टीवर आहे. ही पिशवी वाईट प्रशिक्षण झाकते. नवख्या माणसाला हळूहळू भार वाढवत न्यायचं, हे या धंद्यातलं पहिलं काम. थोडा व्यायाम, मग विश्रांती, मग पुन्हा तोच व्यायाम, एवढं केलं तरी दुसऱ्या वेळी दुखणं बरंच कमी होतं, कारण स्नायू त्या ताणाला सरावतो. त्याला संयम लागतो आणि त्यातून काउंटरवर काही विकलं जात नाही. म्हणून माणसाला पहिल्याच दिवशी पिळून काढतात आणि त्याच्या वेदनेलाच प्रगती म्हणतात.

अतिश्रमानं स्नायू मोठ्या प्रमाणात फुटले तर त्यातलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. स्नायू टणक सुजतात, हातपाय उचलत नाहीत, लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते. अशा वेळी मीठ टाकलेल्या पाण्यात बसून राहिलेला प्रत्येक तास महागात पडू शकतो. जिमवाल्यांनो, त्या पिशव्या हलवा आणि तिथे ही लक्षणं मोठ्या अक्षरांत लावा. खाली लिहा: यातलं काहीही दिसलं तर आम्हाला विचारत बसू नका, त्याच घटकेला रुग्णालय गाठा.