बार्शी लाईटची धाकटी बहीण

गेल्या शनिवारी लॅपटॉप मुद्दाम घरी विसरलो आणि स्टॅफर्डशायरमधल्या ह्यूम एंड नावाच्या खेड्यात चालायला गेलो. (हो, सोमवारी रिलीज असताना. मॅनेजर मराठी वाचत नाही, हे एक बरं आहे.) इथून वॉटरहाउसेसपर्यंत साधारण आठ मैलांची वाट आहे, बराचसा रस्ता मॅनिफोल्ड नदीच्या काठाने जाणारी. ऑक्टोबर संपत आलेला, वाटेवर ओल्या पिवळ्या पानांचा थर, आणि थंडी अशी की चहाशिवाय दुसरं काही सुचेना.

चहा मिळाला तो थेट इंजिन शेडमध्ये! म्हणजे जुन्या शेडसारखीच पुन्हा बांधलेली इमारत. शेजारी जुनं तिकीटघर डागडुजी करून जपलंय. तिथे आता माहिती केंद्र आहे आणि आत या स्टेशनचं छोटंसं मॉडेल मांडलंय. कारण ही वाट म्हणजे एके काळची रेल्वे. १९०४ साली सुरू झाली, १९३४ साली बंद पडली. इंजिनिअरचं नाव वाचलं : एव्हरार्ड कॅलथ्रॉप. नाव ओळखीचं वाटलं म्हणून बाबांना फोन लावला.

“अरे, कॅलथ्रॉप म्हणजे आपल्या बार्शी लाईटचा साहेब की!” बाबा जवळजवळ ओरडलेच.

बाबा मूळचे बार्शीचे. आजीच्या मांडीवर बसून त्यांनी याच गाडीने पंढरपूर गाठलेलं. बार्शी लाईट १८९७ साली बार्शी ते बार्शी रोड, म्हणजे आताचं कुर्डुवाडी, अशी सुरू झाली. पुढे पंढरपूर, लातूर आणि १९२७ साली मिरज. रूळ अडीच फुटी. कॅलथ्रॉपची युक्ती साधी होती : गाडीचं वजन सगळ्या आसांवर सारखं वाटा, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त नको, मग हलके, स्वस्त रूळही पुरतात. (आमच्या भाषेत, लोड बॅलन्सिंग.) बार्शीत जमलेला हा प्रयोग त्याने नंतर या इंग्लिश दरीत नेला. तेच अडीच फूट. म्हणजे इथे ‘ऑफशोअर’ आधी आणि ‘ऑनसाईट’ नंतर!

गंमत पुढे आहे. आपली गाडी शंभर वर्षांहून जास्त चालली आणि २००० नंतर टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाली. धाकटी बहीण तिशीतच गेली. दरीत माणसं थोडी, भिस्त दुधावर, आणि दूध पळालं लॉरीकडे. दोन्ही इंजिनं भंगारात निघाली, एकही उरलं नाही. पण रेल्वे कंपनीने ती सलग पट्टी कौंटी कौन्सिलला दिली आणि १९३७ साली ती चालायला खुली झाली. गाडी तीस वर्षं चालली, माणसं मात्र ऐंशीहून जास्त वर्षं चालताहेत.

आता माझा मुद्दा. रेल्वे जपायची म्हटलं की आपल्याला आठवतं ते चौथऱ्यावरचं इंजिन. रंग द्या, कुंपण घाला, फीत कापा. मला वाटतं, इंजिन गेलं तरी चालेल, पट्टी जाता कामा नये. रेल्वेची खरी कमाई म्हणजे तिचा चढ, म्हणजे जवळजवळ नसलेला चढ. शनिवारी त्या वाटेवर बाबागाड्या होत्या, व्हीलचेअर होती, काठी टेकत जाणारे आजोबा होते. डोंगराळ भागात अशी वाट नव्याने करायला किती पैसे लागतील, विचार करा.

ब्रॉडगेज चूक होतं असं मी मुळीच म्हणत नाही. मार्ग बदलला म्हणून तर धाराशिव शहराला रेल्वे मिळाली. नॉस्टॅल्जियासाठी कुणी लोकांना अडीच फुटांत कोंबू नये. पण मार्ग बदलला की जुना तुकडा मागे उरतो. त्याचं काय करायचं हे रूळ उचलायच्या आधी ठरवायला हवं. नाहीतर इथे एक गोठा, तिथे एक गाळा, आणि मग ती पट्टी पुन्हा सलग होत नाही. जुना सर्व्हर बंद करताना आपण आधी बॅकअप घेतो ना? तसंच.

“आपल्याकडे असा ट्रॅक केला तर दोन दिवसांत वडापावच्या गाड्या लागतील,” असं मित्र म्हणाला. लागू देत की! इथेही तिकीटघराशेजारी चहाचंच दुकान आहे.

फोन ठेवताना बाबांनी विचारलं, “चढ किती आहे रे? माझे गुडघे...”

“बाबा, तुमच्याच साहेबाने आखलेला रस्ता आहे.”

उन्हाळ्यात ते येताहेत. तिकीट काढलंय.