आरोग्याचा कायदा कीं साथीचा कायदा?

मुंबई इलाख्यांत प्लेगानें थैमान मांडलें असतां, १८९७ च्या फेब्रुवारींत, सरकारनें साथरोगांचा कायदा घाईघाईनें करून घेतला. मूळ कलमें अवघीं चार. पहिल्यांत नांव व व्याप्ति, दुसऱ्यांत सरकारास वाटतील ते नियम करण्याची मुभा, तिसऱ्यांत नियम मोडणारास शिक्षा, आणि चौथ्यांत सद्‌भावनेनें वागणाऱ्या अधिकाऱ्यांवर दावा चालणार नाहीं हें अभय. पुण्यांत ह्या अधिकाराचा उपयोग कसा झाला आणि त्या वर्षीं २२ जूनच्या रात्रीं त्याचें पर्यवसान कशांत झालें, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. नवल हें कीं, इंग्रज गेले, राज्यघटना आली, महाराष्ट्र राज्य झालें, आणि २०२० च्या मार्चांत कोरोना येऊन ठेपला तेव्हां आमच्याच सरकारनें कपाटांतून बाहेर काढला तो हाच कायदा! त्याच वर्षीं त्यांत दुरुस्ती झाली, ती मुख्यत्वें वैद्यकीय सेवकांवर हात टाकणारांस जबर शिक्षा देण्यासाठीं. ती योग्यच होती; परंतु कायद्याचा पिंड बदलला नाहीं.

हा कायदा रोग आल्यावर जागा होतो आणि रोग गेला कीं पुन्हां निजतो. त्याच्या राज्यांत सरकारास अधिकार आहे, नागरिकास केवळ आज्ञापालन आहे. २०२० सालीं महिनेच्या महिने दुकानांस कुलुपें लागलीं. तीं लावणें चूक होतें असें आमचें म्हणणें नाहीं. पण साथ येऊं नये म्हणून आदल्या दहा वर्षांत काय केलें, हें त्या व्यापाऱ्यानें कोणत्या कलमाखालीं विचारावयाचें?

उदाहरण दूरचें नको. २०२५ च्या जानेवारींत पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर गियां-बारे नांवाच्या विकारानें माणसांचे हातपाय लुळे पडूं लागले. पाहतां पाहतां संशयित रुग्ण दोनशेंवर गेले. कित्येकांस कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावें लागलें. रुग्णांच्या तपासणींत दूषित अन्नपाण्यांतून पसरणारे जंतु सांपडले, आणि संशयाचें बोट गेलें तें नांदेड गांवच्या विहिरीकडे. हें गांव शेजारच्या किरकटवाडीप्रमाणें २०२१ सालीं महापालिकेच्या हद्दींत आलें. हद्द आली, पण गाळलेलें पाणी आलें नाहीं. देशांतील विषाणुशास्त्राची अग्रगण्य संस्था ह्याच शहरांत आहे. रोगाचें नांव कळावयास उशीर लागला नाहीं. पाणी कोणीं तपासावयाचें, किती दिवसांनीं, आणि न तपासल्यास उत्तर कोणीं द्यावयाचें, हें मात्र आजारी पडेपर्यंत रहिवाशास ठाऊक नव्हतें.

वकिलीच्या धंद्यामुळें आम्हांस एक खोड जडली आहे. कोणी कर्तव्याची गोष्ट काढली कीं, तें न केल्यास काय होईल, असें आम्ही आधीं विचारतों. राज्यघटनेच्या सत्तेचाळिसाव्या कलमांत लोकांचें आरोग्य सुधारणें हें राज्याचें आद्य कर्तव्य सांगितलें आहे; पण सदतिसावें कलम म्हणतें, ह्यासाठीं कोर्टांत जातां येणार नाहीं. सातव्या परिशिष्टानें सार्वजनिक आरोग्य राज्यांकडे सोंपविलें आहे. म्हणजे ह्या कर्तव्यास दांत लावावयाचे ते विधानसभेनें. १९६५ च्या नगरपरिषदांच्या कायद्यांत गटारें व साथी ह्यांचीं कामें नमूद आहेत खरीं; परंतु तीं दिवाबत्ती व रस्ते ह्यांच्या रांगेंत बसलीं आहेत, आणि रांगेंत कोणाचा नंबर आधीं लागतो तें प्रत्येक गांवास माहीत आहे.

मद्रासनें हा मार्ग १९३९ सालींच धरला. राजगोपालाचारींचें मंत्रिमंडळ असतां तेथें सार्वजनिक आरोग्याचा स्वतंत्र कायदा झाला. (त्याच वर्षीं आमचें खेर मंत्रिमंडळ मुंबई शहरांतील दारूबंदींत गढलेलें होतें!) त्या कायद्यानें स्थानिक संस्थांवर आरोग्याधिकारी, पाणी, मैला, रोगाची वर्दी, आरोग्यासाठीं राखून ठेवावयाचा पैसा, हीं सर्व ओझीं स्पष्ट शब्दांत लादलीं. तमिळनाडूनें इस्पितळांच्या खात्याहून वेगळें आरोग्यखातें टिकविलें, व त्यास स्वतःचे शिकलेले अधिकारी दिले. २००४ च्या डिसेंबरांत त्सुनामीनें तो किनारा झोडपला, हजारों माणसें मेलीं; परंतु मागोमाग येणारी पटकीची मोठी साथ आली नाहीं. न आलेल्या साथीची बातमी कोणी छापीत नाहीं, हाच ह्या कामाचा दुर्दैवयोग. गोव्यानें १९८५ सालीं, केरळनें २०२३ सालीं आपापले कायदे केले. महाराष्ट्रानें अशा धर्तीचा सर्वसमावेशक कायदा केलेला नाहीं.

आक्षेप दोन येतील. पहिला, पैसा कोठें आहे? तर २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानें राज्यांनीं २०२० पर्यंत आपल्या खर्चाचा आठ टक्क्यांहून अधिक भाग आरोग्यास द्यावा असें ठरविलें होतें. उद्योगधंद्यांत अग्रेसर म्हणविणाऱ्या महाराष्ट्रास तो आंकडा गांठतां आलेला नाहीं. धोरण कागदावर असल्यानें जाब कोणास विचारतां आला नाहीं; कायद्यांत असतें तर अंदाजपत्रकाच्या वेळीं विचारतां आला असता. दुसरा आक्षेप आम्हांस अधिक वजनदार वाटतो: नव्या कायद्यानें नवे इन्स्पेक्टर येतील व पेठेंतल्या हलवायास रोज छळतील. ही भीति खोटी नाहीं. म्हणूनच नोटीस लेखी असावी, तींत दोष व मुदत लिहिलेली असावी, आणि अपील त्याच खात्याकडे न जातां न्यायाधिकाऱ्याकडे जावें, हें मसुद्यांतच हवें. मद्रासचा जुना कायदा जसाच्या तसा उचलून आणण्यास आमची संमति नाहीं.

तूर्त आमचें मागणें माफक आहे. सरकारनें मसुदा मराठींत प्रसिद्ध करावा, नगरपरिषदा, वैद्यकीय संघ व व्यापारी मंडळें ह्यांस हरकतींसाठीं तीन महिने द्यावे, आणि प्रत्येक गांवच्या पाण्याच्या तपासणीचा निकाल, तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीनिशीं, दर पंधरवड्यास चावडीवर लावण्याची सक्ति त्यांत घालावी. ह्या शेवटच्या गोष्टीस नवा कायदा होईपर्यंत थांबण्याचेंही कारण नाहीं. साधा सरकारी ठराव पुरे आहे.