जुनी मोटार, नवे इंजिन

१९७६ साली जर्मनीत विक्रीस आलेली फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय ही छोटी, चपळ मोटार. तिच्या १.६ लिटर इंजिनाची ताकद ११० अश्वशक्ती. काही हौशी मंडळी घरच्या गॅरेजात तिच्यात त्याच कंपनीचे पुढच्या काळातील १.८ लिटरचे टर्बो इंजिन बसवतात. बाहेर पडणाऱ्या धुराच्याच जोराने त्यातले चक्र फिरते, अधिक हवा आत दाबली जाते आणि ताकद १५० अश्वशक्तीवर पोहोचते. हे कसब कौतुकास्पद खरेच! परंतु मागच्या चाकांचे ड्रम ब्रेक जुन्या इंजिनाच्या बेताने घडवलेले असतात, हे उत्साहाच्या भरात विसरले जाते. आधी ब्रेक बदलावेत, मगच इंजिनाला हात लावावा. जर्मनीत अशा बदलानंतर अधिकृत तपासणी सक्तीची आहे. कोणाला ती जाचक वाटेल. पण समोरून सायकलवर येणाऱ्याला या जुन्या मोटारीत कोणते इंजिन दडले आहे, हे कसे कळावे?