चाकूचं वय

जुना घडीचा चाकू दाखवला की बघणारा पहिला प्रश्न विचारतो, "कुठल्या सालचा?" आणि त्याला उत्तर सालातच हवं असतं. "1913 नंतरचा, बहुधा 1950 च्या आधीचा" असं सांगितलं की चेहरा पडतो. विकणाऱ्यांना हे चांगलंच ठाऊक असतं. त्यामुळे पुण्याचा जुना बाजार असो की मुंबईचा चोरबाजार, गंजक्यातल्या गंजक्या चाकूलाही एक साल चिकटवलेलं असतं, आणि ते बहुतेक वेळा 1857 च्या आगेमागे!

माझं सरळ मत असं, की जुन्या चाकूचं एकच साल छातीठोकपणे सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहावं. चाकू फार तर "याच्या आधीचा मी नाही" एवढं सांगतो. तेवढं ऐकून घेतलं तरी पुष्कळ झालं.

अपवाद आहेत. अमेरिकेतल्या 'केस' कंपनीच्या चाकूंवर संग्राहकांचं प्रेम आहे ते याच कारणाने. चाकू उघडला की पातं जिथे मुठीत शिरतं तिथे धार नसलेला एक चौकोनी तुकडा दिसतो, कारखान्याचा शिक्का त्यावर असतो. 'केस'ने 1970 साली त्या शिक्क्याखाली दहा ठिपके दिले आणि दरवर्षी एकेक कमी करत नेला. सात ठिपके म्हणजे 1973, एक म्हणजे 1979. किती सोयीचं! पण तिथेही शिक्का पात्यावर असतो आणि चाकू नंतर जोडला जातो. एका पात्यावर एका वर्षाचा आणि दुसऱ्यावर दुसऱ्या वर्षाचा शिक्का असलेले अस्सल चाकू निघतात. म्हणजे ठिपकेसुद्धा पात्याचं वय सांगतात, चाकूचं नव्हे.

आपल्याकडे जुन्या घरांतून निघतात ते चाकू बहुतेक शेफील्डचे, आणि तिथे असले लाड नाहीत. 'जोसेफ रॉजर्स'ची खूण चांदणी आणि माल्टीज क्रॉस. ही खूण इतकी वर्षं चालली की तिच्यावरून काळ ठरवणं म्हणजे आडनावावरून वय ओळखणं. त्यापेक्षा मुकुटाच्या दोन बाजूंची अक्षरं कामाची. व्ही आणि आर म्हणजे व्हिक्टोरिया, 1837 ते 1901. जी आणि आर म्हणजे जॉर्ज. पण कुठला? चौथा 1830 ला गेला, पाचवा 1910 ला गादीवर आला, सहावा 1952 पर्यंत होता. इथे शिक्का बाजूला ठेवून बाकीचा चाकू बघावा लागतो. पात्यावर 'स्टेनलेस' लिहिलंय? हॅरी ब्रिअर्लीने शेफील्डमध्ये हे पोलाद 1913 ला केलं, त्याआधीचा तो चाकू असूच शकत नाही. मूठ सेल्युलॉइडची आहे? मग 1870 च्या आधी जायला नको. बेकेलाइट असेल तर विसावं शतक. स्विस चाकूवर 'व्हिक्टोरिनॉक्स' हे पूर्ण नाव दिसलं तर 1921 किंवा नंतरचा. फ्रेंच 'ओपिनेल'च्या मानेला फिरणारी कडी असेल तर 1955 किंवा नंतरचा, मग विकणारा काही म्हणो.

एका नियमाबद्दल मात्र मला भांडायचंच आहे. संग्राहकांच्या पुस्तकांत हमखास असतं, की 'इंग्लंड' लिहिलेलं नसेल तर चाकू 1891 च्या आधीचा. हा नियम अमेरिकेच्या 1890 च्या मॅकिन्ली जकात कायद्यातून आला. परदेशी मालावर देशाचं नाव हवं, असं त्या कायद्याने ठरवलं, अमेरिकेत उतरणाऱ्या मालासाठी. मुंबई बंदरात उतरलेल्या चाकवाला अमेरिकन जकातीशी काय देणंघेणं? आपल्याकडच्या चाकूवर देशाचं नाव नसणं हा कशाचाच पुरावा नाही. तरी आपल्याकडचे हौशी लोक तो नियम जसाच्या तसा लावतात आणि 1920 च्या चाकूला चाळीस वर्षं जास्तीची देऊन मोकळे होतात. पुस्तक कुठल्या बाजारासाठी लिहिलंय हे आधी बघावं की नाही?

आता घरातल्या चाकूबद्दल. (आत्या, तू हे वाचणार आहेस हे मला माहीत आहे.) पणजोबांना प्लेगच्या साली, 1897 ला, एका गोऱ्या साहेबाने खूश होऊन चाकू दिला, ही गोष्ट आपण सगळे ऐकत आलो. चाकू रॉजर्सचाच आहे, मूठ सांबरशिंगाची. पण मुकुटाशेजारी जी आर आहे आणि पात्यावर खाली बारीक अक्षरांत 'स्टेनलेस'. पणजोबा 1908 ला वारले. तेव्हा हा चाकू त्यांच्या खिशात कधीच नव्हता. साहेबाने दुसरा एखादा दिला असेलही, पण तो हा नव्हे. हा आजोबांनी घेतला असणार, आणि भरपूर वापरला. पातं धार लावून लावून इतकं झिजलंय की मिटल्यावर मुठीत बुडून जातं. ज्याने आयुष्यभर याने सुपारी खांडली, पेन्सिली तासल्या, कलमं बांधली, त्याचं नाव पुसून साहेबाचं लिहायचं, हे मला पटत नाही. गोष्ट सांगू नकोस असं मी म्हणत नाही. चाकू हातात घेऊन सांगू नकोस, एवढंच.

दुसरं म्हणजे घासणं. हा चाकू चौकटीत लावायच्या आधी बफिंग करून आणू, असं घरात चाललंय. कृपा करून नको. शिक्का जेमतेम केसाएवढा खोल असतो. दोनदा चाक फिरलं की 'स्टेनलेस' गेलं आणि मुकुट गेला, मग खुशाल 1897 म्हणा, खोटं ठरवायला काही उरणार नाही! चिंच-राखेनेही तेच होतं, फक्त सावकाश. संग्राहकसुद्धा चकचकीत केलेल्या चाकवाला कमी भाव देतात. नवी चकाकी दिसली की काहीतरी लपवलंय असा पहिला संशय येतो, पातं बदललेलं असेल किंवा शिक्का नव्याने मारलेला असेल. जुन्या पात्याची काळसर झाक आणि मुठीच्या टोकाच्या धातूची झीज एकमेकांशी जुळते की नाही, यावरून तर जोडकाम ओळखता येतं. घासलं की तो ताळाच मिळत नाही.

सांध्यात मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकावा, मऊ फडक्याने पुसावं आणि पातं अर्धवट उघडं न ठेवता मिटून ठेवावं. सेल्युलॉइडच्या मुठीचा चाकू कोणाकडे असेल तर तो बाकीच्यांपासून वेगळा ठेवावा. ते जुनं होऊन फुटू लागलं की त्यातून आम्लाची वाफ येते आणि शेजारचे चांगले चाकू गंजतात. हस्तिदंती मुठीचा असेल तर विकायला काढू नका, आपल्याकडे ती खरेदी-विक्री बेकायदा आहे.

चौकटीखालच्या पट्टीवर काय लिहायचं ते मी भावाला कळवलंय: "आजोबांचा चाकू. शेफील्ड, 1913 नंतर." आत्याचं उत्तर अजून आलेलं नाही.